जिन्यावरचा कापूस

३ जुलै

कृषी केंद्रवाल्याने बियाण्यासोबत फुकट दिलेली ही डायरी इतके दिवस पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून होती. आज पुसून घेतली. लिहायचं कारण एवढंच की या घरात बोलायला कोणी उरलेलं नाही. मामाजी म्हणजे माझे सासरे वासुदेवराव, ते ऐकत नाहीत. आत्याबाई म्हणजे सासूबाई, अक्षय तृतीयेला अंगणात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून माजघरात बाजेवर पडून सगळं ऐकतात, पण बोलतात आपल्याला वाटेल तेव्हाच. माझी मुलगी नलू पहिलीत आहे. तिला काही सांगितलं की ते पाच मिनिटांत शेजारच्या शोभाबाईकडे पोचतं. आणि हे, म्हणजे नलूचे बाबा मुकेश, ते तर पुण्याकडे कंपनीत.

पहिला विषय खाज. मानेवर, कोपरात, बोटांच्या बेचक्यात. नलूची पाठ पुरळाने भरली आहे. घरात कापूस ठेवला की उन्हाळ्यानंतर त्यात बारीक किडे होतात आणि ते माणसांना चावतात. गावातले बाकीचे लोक कापूस विकून मोकळे झाले. खाजवणारं घर आता आमचंच.

लग्न झालं तेव्हा यांनी हौसेने स्लॅबची एक खोली बांधली. बाकीचं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलूंचं छप्पर. पुढे वर मजला चढवायचा म्हणून जिना खोलीच्या आतूनच काढला, बाहेरून काढला तर अंगण जातं म्हणे. मजला काही चढला नाही. मागच्या हिवाळ्यात वेचणीचा कापूस पंधरा दिवसांसाठी म्हणून त्या खोलीत टाकला, तो अजून तिथेच आहे. दाराला आडव्या फळ्या ठोकल्यात आणि कापूस जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत चढलाय. खोली माझ्या संसारासाठी बांधली, राहतो त्यात कापूस. मी आणि नलू ओसरीवर झोपतो.

५ जुलै

आज भांडण. हिंगणघाटहून ऋतिक आला होता मेटॅडोर घेऊन, गावोगाव फिरून कापूस घेणारा. फळीच्या फटीतून मूठभर कापूस ओढून पाहिला आणि भाव बोलला. मी चहा घेऊन दारातच उभी होते. असा भाव या वर्षी कोणालाच मिळाला नव्हता.

"काका, याच्या वर आता जात नाई. पावसाची वल लागली का कापूस पिवळा पडते. मंग कोनी विचारत नाई."

मामाजी म्हणाले, "मुकेश आला का इकू."

"तो कवा येते?"

"येते."

ऋतिकने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं. मेटॅडोर रिकामी गेली.

मी म्हणाले, "मामाजी, अजून किती भाव पायजे तुमाले? पोट्टीची पाठ पाहा एकदा."

"तुले नाई समजत त्यातलं."

मला समजत नाही! माहेरी आंजीला माझ्या बापाचा कापूस आम्हीच बहिणी वेचायचो. बरं, हे जाऊ दे. खरी गोष्ट संध्याकाळची. मामाजी ओसरीवर बसून यांच्याशी फोनवर बोलत होते, आणि मी चुलीपाशी. ते म्हणाले, "आलता एक जन, निरा मातीमोल भाव बोलला. परत पाठवला. तूच ये बा आता. तू असल्याबिगर सौदा जमत नाई."

मातीमोल? माझा कानावर विश्वास बसेना. पोटच्या पोराशी खोटं बोलायचं, तेही या वयात! म्हणजे लोभ इतका की मुलालाही खरा भाव कळू द्यायचा नाही. मी रागाने भाकर करपवली आणि तीच त्यांना वाढली. त्यांनी मुकाट्याने खाल्ली.

नंतर आत्याबाईंचे पाय दाबत होते तेव्हा त्या छताकडे बघत म्हणाल्या, "त्या खोलीत कापूस नाई वो बाई. दुसरंच काई हाये."

मी टॉर्च घेऊन फटीतून पाहिलं. उंदीर असतील तर तेही आता कुटुंब करून राहत असतील.

८ जुलै

पाऊस धरून बसलाय. कपडे वाळत नाहीत. शिलाई मशीनचा पट्टा सैल झालाय, दोन ब्लाऊज अडकलेत.

यांचा व्हिडिओ कॉल आला, खूप दिवसांनी. नेहमी म्हणतात कॅमेरा खराब आहे. नलूने लगेच हेरलं, "बाबाच्या घरी पडदे हायेत. फुलाफुलाचे." चार पोट्टे एका खोलीत राहतात आणि पडदे लावतात, सुधारले म्हणायचे. मी तसं म्हणाले तर हे हसले आणि कॅमेरा छताकडे केला. मग परत खराब झाला.

पुण्याला गेल्यापासून बोलणं अगदी पुस्तकातलं झालंय यांचं. "तू तिकडेच बरी आहेस, इथे फार धावपळ असते." मी म्हणाले, इथे काय आम्ही झोके घेतो? पण बरं वाटलं आवाज ऐकून. ते लिहून ठेवते, कारण रोज रोज चिडचिडच लिहिली तर पुढे वाचणाऱ्याला वाटेल मी कजाग आहे. थोडी आहेच.

११ जुलै

गावचे कोतवाल धनंजयभाऊ आज भोंगा घेऊन फिरले. वरची धरणं भरत आलीत, दरवाजे कधीही उघडतील, वणा नदीच्या आणि नाल्याच्या काठच्यांनी तयारी ठेवावी, वेळ आली तर शाळेत यावं. शाळा टेकाडावर आहे. आमचं घर नाला आणि नदी यांच्या मधल्या उतारावर, म्हणजे दोन्हीकडून पहिला मान आमचा.

मामाजींचं उत्तर ठरलेलं. "मारोतीच्या पायाले पानी लागलं का नदी परत जाते. माह्या बापानं पाह्यलं हाये." शोभाबाई म्हणाली, मारोतीचे पाय आपल्या घरापेक्षा उंच आहेत जी. मामाजींनी ऐकलं नाही असं दाखवलं.

तयारी मीच सुरू केली. गहू आणि तुरीची डाळ माळ्यावर चढवली. सिलेंडर खांबाला साखळीने बांधला. आत्याबाईंची औषधं, नलूचा जन्मदाखला, आधार कार्डं सगळं एका पिशवीत घालून वर गाठ मारली. शेळीचं दावं सैल केलं. बाजेखाली विटा लावायच्या म्हणून अंगणातल्या विटा ओसरीवर आणून रचल्या. नलूला वाटलं आपण घर-घर खेळतोय. तिने बाहुलीचं सामानही बांधलं.

धनंजयभाऊ घर पाहून गेले. म्हणाले, "वयनी, मातीच्या भिंतीचा भरोसा नाई. पानी पायथ्याशी थांबलं का त्या बसतात. तुमचं बराय, स्लॅब हाये, वर चढून जाजा." आमचं बरं आहे. स्लॅब आहे, जिना आहे, फक्त वर जाता येत नाही.

मी मामाजींना म्हणाले, सगळा नको, जिन्यापुरता तरी कापूस काढू. ते म्हणाले, "मुकेश शनवारी येऊन राह्यला. तो आला का काढू." मी यांना फोन लावला. हे म्हणाले, हो, शनिवारी नक्की येतो, गाडी घेऊनच येतो, आईलाही घेऊन जाऊ सुरक्षित जागी. आणि तोवर काय करायचं ते सांगितलं. फळ्यांवर ताडपत्री टाक, कापसाला ओल लागू देऊ नकोस, उंदरांचं औषध टाक. उंटावरून शेळ्या हाकणं यांना चांगलं जमतं. पण येतायत! मी माझे आणि नलूचे केस धुतले.

१२ जुलै, शनिवार

नाही आले. सुट्टी रद्द झाली म्हणे, ऑर्डर मोठी आहे.

शोभाबाईचा भाऊ तिथेच जवळच्या कंपनीत आहे, तो आज सकाळच्या रेल्वेने आला. त्याला सुट्टी मिळाली. पण त्याची कंपनी वेगळी, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. त्याला विचारलं, मुकेश भेटतात का? तो म्हणाला, भेटतात ना, आणि लगेच शोभाबाईला पाणी मागितलं. दमून आला असेल.

आलूवांग्याची भाजी दोन दिवस पुरेल इतकी केली होती. ती आता दोन दिवस पुरवू.

१४ जुलै

आज मी चोरी केली. माझ्याच घरात, माझ्याच खोलीत.

मामाजी दुपारी झोपले तेव्हा वरची फळी काढली आणि टोपल्याने कापूस उपसायला लागले. पोत्यांत भरायचा, माळ्यावर टाकायचा. नाकातोंडात तंतू गेले, अंगाला आग सुटली, पण आत डोकं घातलं तर जिन्याचा कठडा दिसला. किती दिवसांनी पाहिला! लग्नातला हिरवा रंग तसाच आहे त्याला. आम्ही नवीन असताना संध्याकाळी वर जाऊन बसायचो, हे मला नदीकडच्या पाणकोंबड्या दाखवायचे. एकही पाणकोंबडी नसायची कधी.

मागे वळून पाहिलं तर मामाजी उभे. मला वाटलं आता ओरडतील. मीही कंबर कसून तयार होते. ते ओरडले नाहीत. माझ्या हातातलं टोपलं घेतलं आणि कापूस परत आत टाकायला लागले, ओंजळी ओंजळीने. मग हात जोडले. मला, सुनेला.

"थोडे दिवस राहू दे पोरी. खोली भरून दिसली पायजे. मुकेश विचारते फोनवर, कापूस हाये ना सारा? मी हो म्हनतो. माह्या 'हो'चा मान ठेव."

एवढा रडवेला चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता. आत्याबाई पडल्या तेव्हाही नाही. मी फळी परत लावली. लावल्यावर स्वतःचाच राग आला. कापसासाठी हात जोडतो का कोणी? लोभाने माणूस कुठे जातो पाहा.

१६ जुलै

काल दुपारपासून पाऊस थांबलेला नाही. नाल्यावरचा पूल बुडाला, एसटी बंद. पाणी मारोतीच्या ओट्याला लागलंय. गावातल्या बायकांनी नदीची ओटी भरली, मीही दुरूनच खण-नारळ सोडला. नारळ परत काठालाच आला.

वीज नाही. फोन मामाजींच्या मोबाइलवर तेवढा लागतो. संध्याकाळी हे म्हणाले, निघालो आहे, उद्या दुपारपर्यंत गाडी घेऊन पोचतो, कसाही पोचतो. मी म्हणाले, नाल्याच्या पलीकडे थांबा, आम्ही ट्रॅक्टरने तिकडे येतो. हे म्हणाले, हो हो.

निघाले आहेत. आज खाजसुद्धा कमी वाटतेय.

१९ जुलै, शाळेत

चौथीच्या वर्गात बसून लिहिते आहे. डायरी औषधांच्या पिशवीत होती म्हणून वाचली. कडा भिजल्यात. सतरा तारखेचं सगळं क्रमाने लिहायचंय, नाही तर डोक्यात तेच तेच फिरत राहील.

सकाळी धनंजयभाऊ ट्रॅक्टर घेऊन दारात आले. पाणी तेव्हा अंगणाच्या खाली होतं. "वयनी, चाला. आजीले बाजेसकट ट्रॉलीत टाकतो. आता नाई निंगाल तर मंग ट्रॅक्टर येत नाई." शोभाबाई आणि तिच्या घरचे आधीच ट्रॉलीत बसले होते.

मामाजी म्हणाले, "तुमी व्हा पुढं. मी कापूस सोडून येत नाई."

नाल्यावरचा पूल बुडालाय हे मला माहीत होतं, तरी मी काय म्हणाले तेही लिहिते. मी म्हणाले, "भाऊ, मुकेश गाडी घेऊन निंगाले हायेत, दुपारपर्यंत येतात. आत्याबाईले गाडीतच बरं पडन." शोभाबाईने ट्रॉलीतून हात पुढे केला, "मंग नलूले तरी दे." नलू माझ्या लुगड्याला चिकटली, "मी बाबाच्या गाडीत जाईन." शोभाबाई काहीतरी बोलणार होती, पण तिने ट्रॉलीतल्या आपल्या भावाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. ट्रॅक्टर गेला.

दुपारी पाणी समोरून आलं नाही, मागून आलं. नाला फुगून उलटा फिरला आणि न्हाणीच्या मोरीतून घरात शिरला. मी बाजेखाली विटा लावल्या. एक थर झाला, मग दुसरा. पाणी विटांच्या बरोबरीने चढत होतं. शेळी दावं तोडून कधी गेली कळलंही नाही. शाळेकडचा रस्ता आता नदीच झाला होता. मी दारातून बघत होते, गाडी येईल म्हणून. गाडी कुठून येणार, हे मला दिसत होतं आणि तरी मी बघत होते.

मग मागची भिंत बसली. धाडकन आवाज झाला नाही, चहात भिजलेलं बिस्किट गळावं तशी खालून मऊ होऊन बसली. वरचे कवेलू पाण्यात पडले. नलू किंचाळली. मी तिला बाजेवर आत्याबाईंच्या कुशीत टाकलं, लोखंडी सबल घेतली आणि खोलीच्या फळ्यांकडे गेले.

मामाजी माझ्या आधी तिथे पोचले आणि फळ्यांना पाठ लावून उंबऱ्यावर बसले. पाण्यातच.

"सरका मामाजी."

"नाई."

"घर पडून राह्यलं! तुमाले भाव पायजे का जीव पायजे?"

"भावाचं नाव नको काढू. भाव तर कवाचाच आलता."

"मंग काऊन नाई इकला?"

ते माझ्याकडे पाहत नव्हते, पाण्याकडे पाहत होते. "इकला असता तर तो कायले आला असता, पोरी? फोनवरच म्हनला असता, माह्या वाट्याचे पैसे पाठवा. त्यानं तिकडं दुसरं घर केलं. दिवाळीपासून मले मालूम हाये. मी त्याले म्हनलं, तू सोता आल्याबिगर मी कापूस इकत नाई. म्हनून तर फोन उचलते. म्हनून तर येतो येतो म्हनते. सौद्याले का होईना, एक डाव येईन. तुले पाह्यीन, पोट्टीले पाह्यीन. मन फिरन त्याचं. कापूस गेला तर त्याले इथं काय हाये?"

माझ्या हातात सबल होती. पाणी पोटऱ्यांच्या वर आलं होतं. आणि मला त्या वेळी काय आठवलं? ते फुलांचे पडदे. चार पोट्टे पडदे लावत नाहीत. मला हे तेव्हाच कळायला हवं होतं, आणि मला वाटतं तेव्हाच कळलं होतं. मी त्या म्हाताऱ्याला लोभी म्हणत होते. तो कापसासाठी थांबला आणि मी गाडीसाठी, पण वाट आम्ही एकाच माणसाची पाहत होतो. मला त्यांचा इतका राग आला की सबल त्यांच्यावरच उगारावीशी वाटली, आणि तितकंच त्यांच्या शेजारी बसून रडावंसं वाटलं. दोन्हीला वेळ नव्हता.

बाजेवरून आत्याबाई बोलल्या. आवाज चढवला नाही त्यांनी.

"अजी, ऐकता काय. मायचं हाड मोडलं तवा जो नाई आला, तो कापसासाठी आला तर मले त्याचं तोंड नाई पाहाचं. ह्या दोघी हायेत आपल्याजवळ. यायले वर न्या."

मामाजी तसेच बसले होते. मग उठले, आणि माझ्या हातातून सबल घेऊन स्वतःच फळी उचकटली.

पहिली फळी निघाली तसा कापूस आमच्या अंगावर आला. वरचा कोरडा आणि हलका, खालचा पाणी पिऊन चिखलासारखा जड. तो जिन्याच्या पायऱ्यांवर घट्ट बसला होता. आम्ही कवेत घेऊन घेऊन मागे फेकत होतो आणि मागे तो पाण्यावर तरंगत दारातून बाहेर जात होता. मामाजी ज्या कापसाच्या एका बोंडाला हात लावू देत नव्हते, तो ते पायाने ढकलत होते, तोंडाने नुसतं "हट, हट" म्हणत, ढोराला हाकलावं तसं. हिरवा कठडा दिसला, मग पायरी, मग वरची पायरी.

आत्याबाईंना वेचणीच्या चवाळ्यात घातलं, ज्यात आपण कापसाचं गाठोडं बांधतो त्याच. मामाजी वरून ओढत, मी खालून खांदा देत. एकदा त्या ओरडल्या, एकदाच. नलू माझ्या पाठीला बांधलेली. वरच्या पायऱ्यांवर कापूस कोरडा उरला होता, त्यावर आत्याबाईंना टेकवलं, दम घेतला आणि मग छतावर नेलं. ताडपत्री पांघरून चौघं बसलो. अंधार पडायच्या आत कवेलूचं घर पुढे झुकलं आणि बसलं. खाली गल्लीत आमचा कापूस चालला होता. शोभाबाईच्या तुळशीभोवती अडकायचा, सुटायचा, पुढे जायचा. नलू म्हणाली, "आई, पाह्य, सारं पांढरं." मामाजींनी तिच्या डोक्यावर ताडपत्री ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाव आली आणि आम्हाला शाळेत आणलं.

आणि आज दुपारी मामाजींच्या मोबाइलला रेंज आली. यांचा फोन. मामाजींना ऐकायला कमी येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावरच असतो, वर्गातल्या सगळ्यांनी ऐकलं. यांनी आधी काय विचारलं ते मी इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी मला स्वतःशी खोटं बोलता येणार नाही.

"बाबा, कापसाचं काय झालं?"

मामाजींनी तोंड उघडलं. त्यांचे ओठ "हाये" म्हणायला वळले होते, मी पाहिलं. सवय झाली होती त्यांना. मी फोन घेतला.

"कापूस गेला. मानसं राह्यली. पाह्यले यायचं असन तर या, नाई तर नका येऊ. पन आता निंगालो म्हनून नका सांगू."

तिकडे मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाले, आवाज तुटतोय, नंतर करतो.

आवाज मुळीच तुटत नव्हता.

२४ जुलै, जिवती

पाणी उतरलं. घराच्या जागी मातीचा ढिगारा आहे आणि त्याच्या मागे स्लॅबची खोली तेवढी उभी. आता आम्ही चौघं तिथेच राहतो. ज्या खोलीत मला इतके दिवस जागा नव्हती तिथे आता सगळ्या घराला जागा झाली. आत्याबाईंची बाज खिडकीशी, माझी मशीन जिन्याखाली. गंजली आहे, तेल सोडलंय. आज संध्याकाळी माझा बाप आंजीहून येतोय. म्हणाला, पोट्टीले घेऊन चाल. मी म्हणाले, पाहू. खरंच पाहू. आत्याबाईंना कोण उठवणार, हा प्रश्न कालही होता आणि आजही आहे. पण जाईन किंवा राहीन, कोणाची वाट पाहायला म्हणून राहणार नाही.

सकाळी शोभाबाईने जिवतीचा कागद आणून दिला. आत्याबाई म्हणाल्या, भिंतीले चिकटव. मी हळद-कुंकू लावलं. नलूसाठी मी हात जोडले. आत्याबाईंनी पडल्या पडल्या हात जोडले आणि ओठ हलवत राहिल्या. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. माय आहे ती. तोंड नाही पाहायचं म्हणाली म्हणून काय झालं.

मग मी कोपरे साफ करायला घेतले. जिन्याच्या मागे शेवटचा ढीग राहिला होता. काळा पडलेला, कुजका वास, आणि आतल्या सरकीला मोड आलेले. पांढुरके लांब मोड, टोकाला बारीक हिरवी पानं. पहिलं टोपलं भरलं तेव्हा मामाजी दाराशी येऊन उभे राहिले. दाढी वाढलीय त्यांची.

"थोडा राहू दे त्यातला," ते म्हणाले. "मुकेश आला तर दाखवाले."

मी त्यांच्याकडे पाहिलं. रागवायचं मनात होतं, पण राग आला नाही. मी टोपलं डोक्यावर घेतलं, त्यांच्या बाजूने बाहेर पडले आणि उकिरड्यावर नेऊन उलटं केलं.

परत आले तेव्हा मामाजी आत जिन्याच्या मागे वाकले होते, आणि दुसरं टोपलं भरत होते. भरलं तसं ते त्यांनीच उचलून माझ्या डोक्यावर दिलं.